युनिट दोन, उचल एक

आमच्या सोसायटीत पेपरच्या आधी बल्गेरिया येतो.

सकाळी सातच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावरचे वाघमारे काका दुधाची पिशवी घेऊन जिना चढत असतात. वाटेत जो कोणी सापडेल त्याला थांबवून ते सांगतात, "बल्गेरिया कायम आहे." किंवा, "तुर्कस्तानचा भागाकार परत करून बघितला. बरोबर निघाला." आवाज जिन्याच्या कठड्यापलीकडे जात नाही, त्यामुळे ऐकायचं तर एक पायरी खाली उतरावं लागतं, आणि उतरलात की ऑफिसला उशीर ठरलेला. नव्या भाडेकरूंना सुरुवातीला हा शेअर बाजार वाटतो. काहींना फुटबॉल वाटतो. तळमजल्यावरच्या देसाईंच्या जावयाने एकदा मोठ्या आपुलकीने विचारलं होतं, "मग फायनलला कोण, काका?" काका म्हणाले, "फायनल आकडा अजून यायचाय. सध्याचा तात्पुरता आहे." जावई समाधानाने गेला.

तर विषय असा, की बल्गेरिया आणि तुर्कस्तान या दोन देशांत माणशी सूर्यफुलाच्या बियांचा पुरवठा किती होतो, याची तुलना वाघमारे काका करतात. रोज करतात. हे आकडे वर्षातून एकदा कुठल्याशा वेबसाइटवर येतात आणि आले तरी शिळेच असतात, मग रोज करता काय, असं मी एकदा विचारलं होतं. "आकडा वर्षातून एकदा येतो, सावंत," ते म्हणाले, "पण तपासणी रोज करावी लागते. आकड्याला कळलं पाहिजे की कोणीतरी बघतंय."

या माणसाबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल थोडं लिहायला हवं, आणि ते काही चांगलं नाही. मी सावंत, भांडुपच्या या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीचा सेक्रेटरी. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं, आणि अंगात उपजत सोंगाड्या. माणूस दोनदा भेटला की मला त्याची नक्कल येते आणि ती करून दाखवल्याशिवाय जेवण पचत नाही. बँकेतला मॅनेजर, वॉचमन, मेहुणा, कोणाला म्हणून सोडलं नाही. नीता, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुला माणूस दिसतच नाही रे, फक्त त्याचा आवाज ऐकू येतो." हे ती कौतुकाने म्हणते असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

काका मूळचे लातूरकडचे. मुंबईत शिधावाटप कार्यालयात, म्हणजे साध्या भाषेत रेशन ऑफिसात, कारकून म्हणून लागले आणि निरीक्षक होऊन निवृत्त झाले. रेशन कार्डावर माणसाला माणूस म्हणत नाहीत, युनिट म्हणतात, आणि हा शब्द काकांबरोबर निवृत्त झालाच नाही. लग्नाची पत्रिका हातात दिली की ते म्हणणार, "अभिनंदन. युनिट किती?" देसाईंना नात झाली तेव्हा बाकीचे बाळ कोणासारखं दिसतं यावर भांडत होते. काका पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, "एक युनिट वाढलं. नोंद घ्यावी." कोणी वारलं की मात्र ते काही बोलत नाहीत, नुसते हात जोडून उभे राहतात. रेशन ऑफिसात त्याला 'नाव कमी करणे' म्हणतात, आणि तेवढे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा लक्षात आलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

बुद्धपौर्णिमेला ते सगळ्या इमारतीला खीर वाटतात. स्वतः करतात, आणि घराला एक पातेली असा ढोबळ कारभार नाही. युनिटाप्रमाणे वाट्या. आमच्याकडे चार: मी, नीता, मुलगी आणि आई. एका वर्षी आई गावाला होती. नीता दारातच म्हणाली, "काका, तीनच द्या, सासूबाई नाहीयेत, उगाच फुकट जाईल."

"बाहेरगावी गेलं म्हणून युनिट कमी होत नाही," काका म्हणाले. "झाकून ठेवा."

ती चौथी वाटी मी खाल्ली आणि खाताना काकांची नक्कल केली. मुलगी हसून हसून ठसकली.

सूर्यफुलाचा हा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला. निरोपाला मिळालेल्या मोबाइलवर त्यांनी पहिल्यांदा काय शोधलं असेल तर 'सप्लाय'. समोर आलं ते दोन देशांच्या सूर्यफुलाच्या बियांचं तुलनापत्रक, माणशी. बस. काकांनी सरळ असा अर्थ लावला की त्या दोन्ही देशांत सूर्यफुलाच्या बिया रेशन कार्डावर मिळतात. आठवडाभर ते हळहळत होते, की इतका चांगला जिन्नस आपल्याकडे कधी कार्डावर आला नाही. मला विचारलं, "तिथे नियतन कोण ठरवत असेल हो?" नियतन म्हणजे सरकारने तुमच्या नावावर ठेवलेलं धान्य. आणि त्यातलं तुम्ही दुकानात जाऊन प्रत्यक्ष आणलं ती उचल. नियतन आणि उचल, यांच्यामधल्या फटीत काकांची सगळी नोकरी गेली होती.

मी त्यांना समजावलं की काका, हे रेशन नाही. देशात एकूण बिया आल्या किती, त्याला लोकसंख्येने भागायचं, झालं माणशी. कोणी कोणाला मोजून देत नाही.

काकांनी मोबाइलवरचं पत्रक पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे पोचलं की नाही हे कोणी बघितलेलंच नाही?"

"नाही."

"मग कोणीतरी बघायला पाहिजे."

तिथून ती वही सुरू झाली. निळ्या पुठ्ठ्याची, उभी, मधोमध रेघ. डावीकडे बल्गेरिया, उजवीकडे तुर्कस्तान, शेजारी शेजारी. आमचे बिऱ्हाडं मोजणारे निरीक्षक आता देश मोजायला लागले. आणि एक दिवस त्यांना असा शोध लागला की त्यांनी मला जिन्यातच पकडून ठेवलं. बल्गेरियातली माणसं कामधंद्याला दुसऱ्या देशांत निघून चालली आहेत, लोकसंख्या उतरतेय. भाजक कमी झाला की भागाकार वाढतो. म्हणजे शेतात एक दाणा जास्त पिकला नाही तरी माणशी पुरवठा वाढलेला दिसणार.

"याला पुरवठा वाढला म्हणतात का, सावंत?" त्यांनी कठड्यावर हात ठेवून विचारलं. "याला घर रिकामं झालं म्हणतात."

हे वाक्य मी लगेच उचललं. नक्कलवाल्याला असं वाक्य म्हणजे लॉटरी.

काका एकटे राहत होते. सहा वर्षांपूर्वी इथे आले तेव्हाही एकटेच होते, त्यामुळे बायको वारली असणार असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दर गुरुवारी दुपारी ते स्टीलचा छोटा डबा आणि ती निळी वही घेऊन बाहेर जायचे. 'काका लायब्ररीत चालले, बल्गेरियाला भेटायला,' असं आम्ही म्हणायचो.

यंदा जानेवारीत आमच्या टाकीला तडा गेला. दुरुस्ती होईपर्यंत तीन आठवडे टँकरचं पाणी, अंगणात रांग, बादल्या. मीटिंग बसली. घरटी समान बादल्या द्याव्यात असं सगळ्यांचं मत पडत होतं, तेवढ्यात काका उभे राहिले. "घरटी नाही. माणशी," ते म्हणाले. "चार माणसांच्या घराला आणि एकट्या माणसाला सारखं पाणी देणं हा अन्याय आहे." स्वतः एकटा असलेला माणूस हे बोलतोय म्हटल्यावर कोणाची टाप होती नाही म्हणायची. माणशी रोज चार बादल्या ठरल्या. मी प्रत्येक घराकडून फॉर्म भरून घेतला: घरात राहणाऱ्या व्यक्तींची संख्या. संध्याकाळी फॉर्म चाळत बसलो होतो आणि काकांच्या फॉर्मवर नजर अडकली. नीट, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: युनिट दोन.

मी तो कागद नीताला दाखवला. "बघ तुझे काका. माणशी माणशी करून शेवटी स्वतःच दुप्पट पाणी लाटलं."

"जाऊन विचार ना त्यांना," ती म्हणाली. "चुकून लिहिलं असेल."

"भागाकाराची चूक आणि वाघमारे?" मी म्हणालो. मला विचारायचंच नव्हतं. मला आयटेम मिळाला होता.

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे झेंडावंदन झालं की अंगणात छोटा कार्यक्रम असतो. मुलांची भाषणं, एक-दोन गाणी, मग वडापाव आणि चहा. आणि गाणी आणि वडापाव यांच्यामध्ये मी. मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला, कानावर पेन्सिल लावली, बगलेत वही मारली आणि माइकवर गरजलो, "युनिट किती?" पहिल्याच वाक्याला अंगण हललं. मग बल्गेरिया झाला, तुर्कस्तान झाला, पाळण्यातलं युनिट झालं. 'याला घर रिकामं झालं म्हणतात' हे मी गळा काढून, छाती पिटून म्हटलं, त्याला तर वन्स मोअर आला. काका पहिल्याच रांगेत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक कसंनुसं हसू होतं, फोटो काढताना असतं तसं. तेव्हा थांबायला हवं होतं.

मी थांबलो नाही. मी तो फॉर्म खिशातून काढला.

"मंडळी," मी काकांच्या आवाजात म्हणालो, "आयुष्यभर बोगस युनिटं पकडली. आता माझ्याच घरात तपासणी. माणूस एक, कागदावर दोन. दुसरं युनिट कोण? नोंद घ्यावी, बल्गेरियाहून पाहुणी आलेली आहे."

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. कोणीतरी शिट्टी मारली. काकांनी स्वतःच्या कानामागची पेन्सिल काढली, वही उघडली, त्यात काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि ते उठून घरी गेले. त्यांच्या वाटणीचा वडापाव टेबलावर तसाच राहिला. नीता माझ्याकडे बघत होती. मी टाळ्या घेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट, बगलेत वही. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"सावंत, काल तुम्ही जाहीर तक्रार केलीत."

"अहो काका, गंमत होती ती. सोडून द्या ना."

"गंमत होती हे मला कळलं. बल्गेरियावर हसा, त्याला हरकत नाही. पण बोगस हा शब्द गमतीत वापरत नाहीत." त्यांनी वही उघडून मला दाखवली. कालच्या तारखेखाली लिहिलं होतं: बोगस युनिटाची तक्रार. तक्रारदार सावंत. पडताळणी बाकी. "मी लोकांच्या घरात शिरून अंथरुणं मोजली आहेत. पण पडताळणी केल्याशिवाय कोणाला बोगस म्हटलं नाही. गुरुवारी दुपारी मोकळे आहात का?"

मी म्हणायला गेलो की ऑफिस आहे. मागून नीताचा आवाज आला. "मोकळा आहे तो. येईल."

गुरुवारी आम्ही बसने मुलुंडला गेलो. वाटेत काका बल्गेरियाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की बोलावं. उतरून एका गल्लीत शिरलो. जुना बंगला, ओळीने खुर्च्या टाकलेली पडवी, फिनाईलचा वास. म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात अशी ती जागा होती. पडवीच्या टोकाला एक बारीक बाई बसल्या होत्या. केस आखूड कापलेले, अंगावर फुलाफुलांचा गाऊन, मांडीवर दोन्ही हात उताणे.

काका त्यांच्यापासून चार हात लांब उभे राहिले, नवखा माणूस दारात उभा राहतो तसे.

"नमस्कार बाई. तपासणी आहे."

बाई सावरून बसल्या. पदर नव्हता, तरी खांद्यावर हात फिरवून पदर नीट केला. "या सायब. कार्ड आणलं का?"

"आणलंय."

"माजं नाव हाय का त्याच्यावर? कमी नाई ना केलं?"

काकांनी खिशातून रेशन कार्ड काढलं. कडा झिजलेल्या, वर प्लास्टिक. त्यांनी तिच्या हातात दिलं आणि बोट ठेवून वाचलं, "अंजनाबाई वाघमारे. हे बघा. कोणी कमी केलेलं नाही."

"आणि युनिट किती?" काकांनी विचारलं.

बाईंनी दोन बोटं वर केली. शाळेतली मुलगी करते तशी, ताठ.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटण्याचे प्रसंग आयुष्यात बरेच आले, पण ते सगळे उसने होते. हा पहिला स्वतःचा. पडवीच्या खांबाला धरून उभा राहिलो आणि त्या दोन बोटांकडे बघत राहिलो. माझ्या खिशात अजून तो फॉर्म होता.

काकांनी डबा उघडला. आत सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया, एकही टरफल नाही. त्यांनी थोड्या तिच्या तळहातावर ठेवल्या. ती एकेक उचलून खाऊ लागली.

"मग त्या बलगरीचं काय झालं, सायब?"

"तेच चाललंय बाई. माणसं निघून चाललीत. बिया तेवढ्याच, खाणारी कमी."

"आणि कागदावर माणशी वाढलं दावतेत?"

"हो."

"येडे हायत. ह्याला वाढलं म्हणतेत व्हय? ह्याला घर रिकामं झालं म्हणतेत."

ते वाक्य तिचं होतं. दर गुरुवारी ती ते म्हणायची, काका ते आमच्या जिन्यापर्यंत आणायचे, आणि मी ते माइकवर छाती पिटून विकलं होतं.

निघताना फाटकाशी काका थांबले. मी काही विचारलं नव्हतं, पण पडताळणीत खुलासा द्यावा लागतो, म्हणून त्यांनी दिला. आठ वर्षं झाली बायकोला विसर पडायला लागून. दोनदा घरातून निघून गेली, दुसऱ्या वेळी दीड दिवस सापडली नाही. मग इथे ठेवलं. गेली दोन वर्षं ती त्यांना ओळखत नाही, कार्ड तपासायला येणारा साहेब समजते. "घरचं काही काढलं की घरी न्या म्हणून रडते," ते म्हणाले. "गावाकडचं काढलं की आई कुठाय, भाऊ कुठाय विचारते. ते गेले हे सांगितलं की आत्ताच कळल्यासारखी रडते. दर वेळी नव्याने. मग बोलू काय? तिच्या वडिलांच्या शेतात सूर्यफूल असायचं, त्या बियांवर हात फिरवला की जरा शांत होते. ते पत्रक सापडलं तेव्हा बरं वाटलं. बल्गेरियात आपलं कोणी नाही. तुर्कस्तानातही नाही. तिथलं काहीही सांगितलं तरी आपल्यातलं कोणी मरत नाही."

"काका, सोसायटीत कोणाला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? लाज वाटते." ते चष्मा पुसत होते. "शेकडो घरांतली युनिटं सांभाळली. स्वतःच्या घरातलं एक सांभाळता आलं नाही."

मी म्हणालो, पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माफी मागतो. ते नको म्हणाले, मग सगळ्यांना सगळं कळेल. त्यांनी वही उघडून पुढे केली. "शेरा मारा फक्त." मी फाटकाच्या दगडावर वही टेकवून लिहिलं: पडताळणी केली. युनिट खरे. खाली सही केली.  

घरी आल्यावर मी पाण्याचं रजिस्टर काढलं. टँकरच्या त्या तीन आठवड्यांत कोणी किती बादल्या नेल्या ते मीच अंगणात उभं राहून रोज लिहीत होतो. वाघमारे: फॉर्मप्रमाणे आठ. प्रत्यक्षात चार. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी चार. पानंच्या पानं, माझ्याच हाताने लिहिलेलं. बायकोचं नाव कमी केलं नाही, आणि तिच्या वाटचं पाणीही कधी घेतलं नाही. नियतन दोनाचं, उचल एकाची. नीताने खांद्यावरून वाकून पाहिलं आणि ती गॅस लावायला निघून गेली. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी नकला बंद केल्या. लोकांना वाटतं मला भाव चढलाय. कोणाच्या बारशाला गेलं की आग्रह होतोच, "सावंत, ती बल्गेरियाची पाहुणी होऊन जाऊ दे ना यार." मी घसा बसलाय सांगतो. खरं सांगता येत नव्हतं, ही माझी शिक्षा आणि ती मला योग्यच होती. आता हे लिहितोय ते काकांना विचारून. ते विचार करून म्हणाले, "लिहा. आता माझं वय झालंय, आणखी कोणाला तरी माहीत असायला हवं. आणि नोंद राहते."

पावसाळ्यानंतर काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नेमकं बुधवारी. घरी आले तेव्हा डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी होती आणि तोंडावर चिंता. नीता त्यांच्याकडे जाऊन डोळ्यात थेंब घालत होती. "गुरुवार चुकला तर ती म्हणेल नाव कमी झालं," ते मला म्हणाले. "तुम्ही जाल का?" बिया त्यांनी ऑपरेशनच्या आधीच सोलून ठेवल्या होत्या. कार्ड दिलं, वही दिली.

मी गेलो. अंजनाबाई भिंतीकडे बघत बसल्या होत्या. तिथल्या मावशी म्हणाल्या, सकाळपासून काही खाल्लं नाही. मी नमस्कार केला, बाईंनी पाहिलं नाही. कार्ड दाखवलं, पाहिलं नाही. बिया पुढे केल्या, तर मूठ मिटून घेतली. मग मला वाटलं, आपल्याकडे एक गोष्ट आहे. ती निदान आज सत्कारणी लागू दे. मी चार हात मागे सरलो, बगलेत वही धरली आणि काकांच्या आवाजात म्हणालो, "नमस्कार बाई. तपासणी आहे. युनिट किती?"

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नखशिखांत पाहिलं.

"हे बोगस हाय," त्या मावशींना म्हणाल्या.

मावशींना हसू आलं. मला आलं नाही.

"सायब असं नाई वरडत," त्या म्हणाल्या, आणि मग भिंतीकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरचं माणूस हळू बोलतंय. लई हळू."

मी वही खाली ठेवली. खरंच की. इतकी वर्षं जिन्यात एक पायरी खाली उतरून ऐकतोय, आणि या माणसाचा आवाज चढलेला मी कधी ऐकलाच नव्हता. माइकवर गरजला होता तो मी. ज्या नकलेला अख्ख्या सोसायटीने वन्स मोअर दिला, ती ज्या बाईला स्वतःचा नवरा ओळखता येत नाही तिने दोन वाक्यांत रद्द केली. मी खाली जमिनीवर बसलो आणि माझ्याच आवाजात, हळू, सांगितलं की त्यांचा डोळा दुखतोय, पुढच्या गुरुवारी ते येतील, नाव आहे, कमी केलेलं नाही. बऱ्याच वेळाने मूठ उघडली. थोड्या बिया खाल्ल्या.

भांडुपला आलो तेव्हा काका खुर्चीत ताठ बसून वाट बघत होते. "पोचलं का?" त्यांनी विचारलं. मी पोचलं म्हणालो. मग सगळं सांगितलं, माझी फजितीसुद्धा.

"परत सांगा," ते म्हणाले. "साहेब म्हणाली?"

"आधी साहेब म्हणाल्या. मग घरचं माणूस म्हणाल्या. आमच्या घरचं माणूस."

काकांनी एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "कशी म्हणाली? तशी म्हणून दाखवा."

"काका, मी आता नकला करत नाही."

"करा, सावंत. तुम्हाला येतं."

मी खुर्ची जवळ ओढली. माइक नव्हता, माणसं नव्हती, नीता तेवढी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणालो, "आमच्या घरचं माणूस हळू बोलतंय. लई हळू."

"अजून एकदा."

मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदाही म्हणालो. चौथ्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"पुरे आता," ते म्हणाले. "डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय."